बाजूने

चिठ्ठीत मला 'बाजूने' आलं.
विषय: कोळशाच्या धुरावर कर असावा.
जयंतीची स्पर्धा, वाचनालयाचा हॉल, बोलायला पाच मिनिटं.
मुद्दे पाठ करत मी बसले होते
इंदोऱ्यात, आईच्या इस्त्रीच्या ठेल्यामागे, उपड्या बादलीवर.

जयंतीच्या आधीचे चार दिवस वस्ती पांढरी होते.
पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पोरांचे पायजमे,
गठ्ठ्यावर गठ्ठा.
आईची इस्त्री पितळी, पोटात निखारे.
पांढऱ्यावर ती कधी फुंकर मारत नाही;
बाजूला जाते, तोंड फिरवते,
राख नालीकडे उडवते, मग परत येते.

"मोठ्यानं म्हन," म्हणाली.
अध्यक्ष महोदय, धूर फुकट आहे म्हणून स्वस्त पडतो.
किंमत लावा, माणसं आपोआप दुसरं काही निवडतील.
"काय निवडतीन?"
वीज. विजेची इस्त्री.
तिनं मान कोराडीकडे वळवली.
तिकडे काही दिसत नव्हतं, नुसतं उन्हानं उडालेलं आभाळ,
पण चिमण्या कुठे आहेत हे आमच्याकडे न बघता कळतं.
"ते कशावर चालते व?"
कोळशावर.
"मंग माहा कोयसा इथं जयते, तुहा तिथं जयते."

मी पुढचा मुद्दा काढला: छतावर सोलर.
"छत कोनाचं?"
छत मोटघरेकाकांचं, आम्ही भाड्यानं.
ठेल्याला तर छतच नाही, कडुनिंब आहे,
आणि तो त्याचा सगळा सूर्य स्वतःच वापरतो.

तेवढ्यात बुधराम आला कामठीकडून, सायकल ढकलत.
चार पोती. सीटवर बसायला जागा नाही, कधीच नसते.
आईनं त्यालाच विचारलं, "कर लागला तं पोतं कितीले पडंन?"
त्यानं घाम पुसला, त्यानं कपाळ आणखी काळं झालं.
"पोतं वाढंन, बाई. माहं काही वाढत नाही."
हे माझ्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

रात्री कूलरमध्ये पाणी ओतताना मी शेवटचा मुद्दा सांगितला:
जमलेला कर सरकार परत वाटेल, माणशी सारखा.
"कोपऱ्यावरच्या डॉक्टरले किती?"
आपल्याइतकाच.
"त्याच्याइथं चार एसी."
म्हणून तो भरेल जास्त.
आई थांबली.
दारामागे, जिथं कपड्यांचा हिशोब लिहिते, तिथं खडूनं मांडलं:
एक कूलर, दोन बल्ब, कोळसा, आणि माणसं दोन.
बराच वेळ मांडत राहिली.
"हे तं आपल्याले पुरून उरते," म्हणाली, संशयानं.
"काऊन पयले नाही सांगितलं?"
मग म्हणाली, "पासबुक आन."
आणलं. तिनं वाचलं नाही,
सिलिंडरचे पैसे यायचे त्या पानावर बोट ठेवलं,
आकडा लहान होत गेला तसं बोट खाली नेलं,
आणि कोऱ्या जागेत ठेवून दिलं.

परीक्षकांनी विचारलंच: गरिबांवर बोजा नाही का पडणार?
पाठ केलेलं उत्तर होतं माझ्याकडे, चांगलं होतं.
मी म्हटलं, सर, कर लावा. फक्त
परतीचे पैसे आधी द्या, कर मागून घ्या.
हॉल हसला. घंटा वाजली.
दुसरा नंबर. पहिला 'विरुद्ध'च्या पोट्ट्याला.
त्याचा सदरा आमच्या ठेल्यावरचा; मी घडी ओळखली,
उधारीही.

जयंतीनंतर गठ्ठे ओसरले.
आई म्हणते, नगामागे एक रुपया वाढवू.
गिऱ्हाइकानं विचारलं तर?
"सांग, कर लागला."
अजून कुठे लागला, मी म्हटलं, हे खोटं आहे.
तिनं झाकण उघडलं, निखारे पाहिले, बंद केलं.
"तू तं बाजूनं होती न?"